गारठ्यात अडणारा फोर बाय फोरचा हब: नवख्यांसाठी वंगणाची पद्धत

जानेवारीतली पहाट होती. तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावच्या अंगाला एका पाड्यावर जायचं होतं. डांबर संपलं, पुढची वाट कच्ची आणि दवाने ओली. लॉकिंग हब, म्हणजे पुढची चाकं इंजिनाच्या ओढीला जोडणारी चाकाच्या मध्यावरची कळ, लावायला खाली उतरलो. उजव्या चाकावरची डायल जड का होईना, फिरली. डावी ढिम्म हलेना. बोटं बधिर झाली म्हणून पक्कड लावली, आणि डायलचा उंचवटा कटकन तुटून हातात आला. तो दिवस गाडी मागे फिरवण्यात गेला.

शहाद्यातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांनी हब उघडला. आत बेअरिंगचं ग्रीस काठोकाठ भरलेलं होतं, तेही पिवळट आणि घट्ट झालेलं. काका बोटावर ते ग्रीस घेऊन म्हणाले, "भाऊ, हाई थंडीनं नही, वंगणनं दुखनं शे." त्यानंतर दर वर्षी दिवाळीच्या सुमारास मी स्वतः हब उघडतो, पुसतो आणि बंद करतो. हे काम नवख्यालाही जमतं. दोन्ही चाकांना मिळून पहिल्या वेळी अर्धा दिवस लागेल, पुढच्या वर्षी दोन तासांत होईल.

हे वाचण्याआधी एक खात्री करा. तुमच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायची डायल असेल, तिच्यावर 'फ्री' आणि 'लॉक' अशा खुणा असतील, तरच पुढची पद्धत तुमच्यासाठी आहे. बऱ्याच मारुती जिप्सी आणि नंतर हब बसवून घेतलेल्या जुन्या जीप अशा असतात. हवेच्या दाबावर किंवा निर्वातावर आपोआप लागणारे हब वेगळे. त्यांच्या नळ्या आणि पडद्यांत ग्रीस गेलं तर ते कायमचे बिघडतात, तेव्हा त्यांना या लेखाच्या भरवशावर हात लावू नका.

आत नेमकं काय असतं

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीप साध्या रस्त्यावर चालवायला सोप्या व्हाव्यात म्हणून अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली असे हब विकायला सुरुवात केली. कल्पना साधी आहे. पुढची चाकं एक्सल शाफ्टपासून, म्हणजे त्यांना फिरवणाऱ्या दांड्यापासून, सुटी केली की रोजच्या रस्त्यावर शाफ्ट, डिफरन्शियल (दोन्ही चाकांत जोर वाटणारा गिअरचा डबा) आणि त्याला जोर आणून देणारा पुढचा प्रोपेलर शाफ्ट उगीच फिरत राहत नाहीत. चिखल किंवा चढ आला की खाली उतरायचं, डायल फिरवायची, चाक आणि शाफ्ट पुन्हा जोडले जातात.

ही जोडणी एक सरकती दातेरी कडी करते. शाफ्टच्या टोकावर एक दातेरी चकती बसलेली असते आणि बाहेरचं हबचं कवच चाकाला बोल्टने पक्कं केलेलं असतं. डायल फिरवली की आतली कडी स्प्रिंगच्या जोरावर किंवा तिरक्या खाचेतून पुढे-मागे सरकते आणि दोघांचे दाते एकमेकांत बसवते. सगळी हालचाल जेमतेम काही मिलिमीटरची. तेवढ्या अंतरात कडीला वाटेतलं ग्रीस बाजूला ढकलावं लागतं. ग्रीस पातळ थराने असेल तर ते सहज सरकतं. ठासून भरलेलं असेल तर त्याला जायलाच जागा नसते, आणि कडी अडते.

नवख्यांची चूक इथेच होते, आणि ती आपल्याकडच्या सवयीतून येते. बैलगाडीच्या आसाला ओंगण देताना हात आखडता घ्यायचा नसतो, हे आपण लहानपणापासून पाहिलंय. तिथे चाक आसावर सतत घासत फिरतं. चाकाच्या बेअरिंगलाही ग्रीस दाबून भरावं लागतं, तेही बरोबर. पण लॉकिंग हब हे कुलूप आहे. कुलपात कोणी वाटीभर तेल ओतत नाही.

मग थंडीचा संबंध काय?

ग्रीस म्हणजे साबणासारख्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. गारठ्यात ते तेल दाट होतं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. सातपुड्यातल्या तोरणमाळ आणि डाबच्या पट्ट्यात काही वर्षी पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं दिसतं. तरीही चांगलं, ताजं, पातळ थराने लावलेलं ग्रीस एवढ्या थंडीत डायल अडवत नाही. अडवतं ते जुनं ग्रीस, पाणी शिरून साकळलेलं ग्रीस, किंवा गरजेच्या पाचपट भरलेलं ग्रीस. ते उन्हाळ्यातही वाईटच असतं, पण उष्णतेने मऊ पडून निभावून नेतं. गारठा आला की उघडं पडतं.

पाणी आत कधी शिरतं? पावसाळ्यात. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर पळून आलेली असते, ब्रेकच्या उष्णतेने हब तापलेला असतो, आणि आपण तशीच गाडी नाल्यात घालतो. थंड पाण्याने हब एकदम निवतो, आतली हवा आकसते आणि डायलभोवतीच्या रबरी कडीच्या, म्हणजे ओ-रिंगच्या, फटीतून पाणी आत ओढलं जातं. सातपुड्याच्या पायथ्याला यावल, चोपडा, शहादा भागात जाणाऱ्यांना एका फेरीत असे चार-पाच नाले लागतात. आपल्या काळ्या मातीचं पाणी आणखी वाईट, कारण तिचे बारीक कण ग्रीसमध्ये मिसळून दाते घासणारा लगदा तयार होतो. म्हणून नाल्याआधी दहा मिनिटं थांबून हब निवू देणं हे जानेवारीतल्या दुखण्यावरचं ऑगस्टमधलं औषध आहे. धुलाई केंद्रावर जोराच्या पाण्याचा फवारा थेट डायलवर मारू देऊ नका. त्याने रबरी कडी हमखास हरते.

कोणतं ग्रीस घ्यायचं

ग्रीसच्या डब्यावर एनएलजीआय असा क्रमांक असतो. तो घट्टपणा सांगतो: ० म्हणजे जवळजवळ वाहतं, १ मऊ, २ साधारण लोण्यासारखं, ३ त्याहून घट्ट. बर्फाच्या प्रदेशातले लोक हबमध्ये ० किंवा १ क्रमांकाचं, कधी नुसतं पातळ तेलही वापरतात. त्यांचं ऐकून खानदेशात तसं करू नका. जी गाडी जानेवारीत सहा अंशांत उभी असते, तीच मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत पळते, वर ब्रेकची उष्णता वेगळी. पातळ ग्रीस तेव्हा वितळून बाहेर येईल आणि ब्रेकवर गेलं तर जिवाशी खेळ होईल.

माझं मत स्पष्ट आहे: २ क्रमांकाचं, लिथियम कॉम्प्लेक्स जातीचं, पाण्याला टिकणारं ग्रीस घ्या. सिंथेटिक मिळालं आणि परवडलं तर उत्तम, कारण त्यातलं तेल थंडीत कमी दाट होतं. मॉलिब्डेनम असलेलं काळं ग्रीसही सरकत्या भागांना चालतं. दोन्ही चाकांना मिळून मोठ्या चमचाभराहून जास्त लागत नाही, त्यामुळे छोटी ट्यूब पुरते. ट्रॅक्टरच्या निपलसाठी आणलेल्या उघड्या डब्यातलं, वर धूळ बसलेलं ग्रीस मात्र अजिबात नको.

फवाऱ्याचा डबा, म्हणजे डब्ल्यूडी-४० सारखी वस्तू, हे हबचं वंगण नव्हे. गंजलेला बोल्ट सोडवायला ती चांगली. पण डायलच्या फटीतून मारली तर आहे ते ग्रीस पातळ करून धुऊन काढते. दोन दिवस डायल हलकी वाटते आणि मग आतले दाते कोरडे पडतात.

तयारी

शेतात किंवा रस्त्याकडेला हे काम काढू नका. धूळ नसलेली सपाट, शक्यतो फरशीची जागा हवी. सकाळी ऊन चढल्यावर बसा, हात आणि ग्रीस दोन्ही मोकळे असतात.

जवळ ठेवा: तुमच्या हबच्या बोल्टला बसणारे पाने आणि ॲलन की, सर्कलिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी उघडी स्प्रिंगी कडी) काढायची पक्कड, टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा) मिळाला तर तो, डिझेल किंवा रॉकेल, जुना दातांचा ब्रश, धागे न सुटणाऱ्या सुती चिंध्या, बारीक पॉलिश पेपर, नवीन रबरी ओ-रिंग आणि गॅस्केट (दोन भागांमधली फट बुजवणारी पातळ पट्टी), जॅक, गाडी पेलणारा स्टँड आणि चाकांना लावायला लाकडी ठोकळे. ओ-रिंग आधी आणून ठेवा. हब उघडून मग दुकानं शोधत फिरण्यासारखा मनस्ताप नाही. सुटे भाग मांडायला स्वयंपाकघरातली जुनी परात आणि तिच्यात पांढरं फडकं ठेवा, म्हणजे बारीक स्प्रिंग घरंगळत नाही.

साफसफाईला पेट्रोल वापरू नका, भडका उडतो. डिझेल-रॉकेलचं कामही उघड्यावर, विडी-शेकोटीपासून लांब करा.

काम, क्रमाने

गाडी सपाट उभी करून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. नुसता हब उघडायला बहुतेक गाड्यांत चाक काढावं लागत नाही आणि जॅकही लागत नाही. जॅक शेवटच्या चाचणीला लागेल.

दोन्ही डायल 'फ्री'वर आणा. हातानेच. फिरत नसेल तर ठोकळे आणि हँडब्रेक काढून एकाला गाडी हात-दोन हात पुढे-मागे ढकलायला सांगा, दात्यांवरचा ताण सुटतो; मग दोन्ही पुन्हा लावा. तरीही नाही फिरली तर आहे तशीच उघडा, पण पक्कड लावू नका. माझी तुटलेली डायल अजून अवजारांच्या पेटीत आहे.

बाहेरचा चिखल ओल्या फडक्याने आणि ब्रशने पूर्ण काढा. मग झाकणावर आणि कवचावर रंगाची एक आडवी रेघ मारा, बसवताना ती जुळवायची. मोबाइलवर फोटो काढा, आणि पुढेही प्रत्येक भाग सुटला की एक फोटो घ्या. पहिल्या वेळी एका वेळेला एकाच चाकाचं काम करा. दुसरा हब बंद असला की अडल्यावर त्याच्याकडे पाहता येतं.

झाकणाचे बारीक बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे ढिले करा. झाकण चिकटलं असेल तर लाकडी दांडक्याने कडेला हलके ठोके द्या. स्क्रू ड्रायव्हर फटीत घुसवला तर ॲल्युमिनियमच्या काठावर ओरखडा पडतो आणि तिथूनच पुढच्या पावसाळ्यात पाणी जातं. झाकण येताना आतली स्प्रिंग उडू शकते, तळहात समोर धरा.

झाकण निघालं की पुसायची घाई करू नका. आधी बघा. या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, कारण आतलं ग्रीस गाडीची वर्षभराची हकीकत सांगतं.

दुधाळ, चहाच्या रंगाचं ग्रीस म्हणजे पाणी शिरलंय. ओ-रिंग बदलल्याशिवाय नवं ग्रीस भरणं व्यर्थ. कोरडं, तपकिरी, पापुद्रा धरलेलं असेल तर ते फक्त म्हातारं झालंय, चिंतेचं कारण नाही. ग्रीस काळं, पातळ आणि गिअर ऑइलच्या उग्र वासाचं असेल तर एक्सलची सील गळतेय आणि डिफरन्शियलचं तेल हबपर्यंत आलंय. इथे वंगण हा उपायच नाही, सील बदलून घ्या आणि डिफरन्शियलमधल्या तेलाची पातळी तपासा. ग्रीस बोटांत चोळून उन्हात धरा. चांदीसारखी चमक दिसली तर दाते झिजताहेत. कडीच्या दात्यांची टोकं गोल झालीयत का, एखादा तुटलाय का, हे नखाने चाचपून पाहा. गोल झालेले दाते चढावर जोर आला की सटकतात. असा हब बदलावाच लागतो.

आता कवच काढायचं. शाफ्टच्या टोकावरची सर्कलिप पकडीने फाकवून काढा, डोळ्यांवर चष्मा हवाच. मग कवचाचे मोठे बोल्ट सोडा आणि कवच सरळ बाहेर ओढा. मागचं गॅस्केट फाटलं तर फाटू द्या, नवीन आहेच. आत बेअरिंगचं नट दिसेल. त्याला हात लावू नका, त्याचा ताण ठरवणं हे वेगळं काम आहे. बेअरिंग दिसतंय म्हणून तिथलं ग्रीसही उकरू नका.

सगळे धातूचे भाग डिझेलमध्ये बुडवून ब्रशने घासा. दात्यांच्या मुळाशी आणि तिरक्या खाचेत जुनं ग्रीस दडून बसतं, तिथे काडीला चिंधी गुंडाळून फिरवा. जुन्याचा अंशही ठेवू नका. वेगवेगळ्या जातींच्या साबणाची ग्रीस एकत्र आली तर काही जोड्या पातळ होऊन वाहतात, काही घट्ट होतात, आणि आधी कोणतं भरलं होतं हे आपल्याला माहीत नसतं. रबरी भाग डिझेलमध्ये बुडवू नका, फुगतात. गंजाचा हलका ठिपका पॉलिश पेपरने घालवा, पण दात्यांची धार घासू नका. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून अर्धा तास उन्हात वाळवा. डिझेल ओलं राहिलं तर नवं ग्रीस पातळ करेल.

मग वंगण. बोटाच्या टोकावर हरभऱ्याएवढं ग्रीस घ्या आणि कडीच्या बाहेरच्या व आतल्या दात्यांवर असं पसरा की धातूचा रंग ग्रीसखालून दिसत राहील. तिरक्या खाचेत तसाच थर. स्प्रिंगला नुसता हात फिरवा. डायलच्या दांड्याला आणि नव्या ओ-रिंगला चौफेर चोळा, इथे किंचित जास्त चालेल, कारण ते पाणी अडवतं. दात्यांमधल्या फटी भरलेल्या दिसल्या तर पुसून काढा आणि पुन्हा लावा. मन मानत नाही, 'एवढंसंच?' असं वाटत राहतं. तरी हात आवरा.

कवच आणि झाकण एकत्र धरून, चाकाला लावण्याआधी हातातच डायल दहा-बारा वेळा फिरवा. दोन बोटांनी फिरायला हवी आणि दोन्ही टोकांना टक्क आवाज यायला हवा.

बसवताना डायल 'फ्री'वर ठेवा, रेघ जुळवा, बोल्टचे आटे कोरडे ठेवा. कवचाचे बोल्ट समोरासमोर आवळा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क पाळा. सर्कलिप बसवताना शाफ्ट आत सरकलेला असतो. बऱ्याच शाफ्टच्या टोकाला आटे असतात, त्यात योग्य बोल्ट हाताने फिरवून शाफ्ट बाहेर ओढून धरा. सर्कलिप खाचेत पूर्ण बसली का हे बोटाने चहूबाजूंनी बघा. झाकणाचे बारीक बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातात, तेव्हा ॲलन कीचं आखूड टोक हातात धरून आवळा. लांब टोकाने जोर दिला की आटे जातात.

चाचणी

दोन्ही हब बंद झाले की ही चाचणी न करता गाडी घाटात नेऊ नका. स्प्रिंगवाल्या हबमध्ये डायल 'लॉक' दाखवते आणि आत कडी अडकून बसलेली असू शकते. चढावर ते कळणं परवडणारं नाही.

मागच्या चाकांचे ठोकळे तसेच ठेवा. डावं पुढचं चाक जॅकने उचला, खाली स्टँड द्या. उजवं चाक जमिनीवर, त्याचा हब 'लॉक'वर. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा, फोर-एचमध्ये (चारही चाकांना जोर). आता डावा हब 'फ्री'वर ठेवून चाक हाताने फिरवा. ते मोकळं फिरेल. 'लॉक'वर आणून फिरवा. थोडं हलून ते अडायला हवं. अडलं तर आतले दाते खरोखर बसले. गाडी खाली घेऊन तसंच उजव्या बाजूला करा. एक हब लागला आणि एक नाही, असं झालं तर डिफरन्शियल सगळी फिरकी सुट्या शाफ्टकडे देतं आणि पुढचं एकही चाक ओढत नाही. म्हणून दोन्ही डायल कायम सारख्या स्थितीत हव्यात.

पन्नासेक किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासा. त्यानंतर महिन्यातून एकदा दोन्ही हब 'लॉक' करून, ट्रान्स्फर केस टू-एचवरच (फक्त मागच्या चाकांना जोर) ठेवून दहा-पंधरा किलोमीटर चालवा. पुढच्या डिफरन्शियलमधलं तेल वरच्या गिअरना आणि सीलना लागतं, आणि कडीही हलती राहते. कोरड्या डांबरावर फोर-एच मात्र लावू नका. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण दात्यांवर येतो आणि मग हब सोडताना पुन्हा अडतो.

वाटेत अडलाच तर

एवढं करूनही एखाद्या पहाटे डायल जड लागली, तर गाडी हात-दोन हात पुढे-मागे करून बघा. नाही जमलं तर जवळच्या घरून गरम पाणी मागा. पाड्यावर चूल पेटलेली असतेच आणि लोक नाही म्हणत नाहीत. जाड फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि हबभोवती पाच मिनिटं गुंडाळा, दोन-तीनदा तसं करा. पाणी थेट ओतू नका, ओ-रिंग थकलेली असेल तर तेच आत जाईल. पेटतं गवत किंवा टेंभा चाकाजवळ नेणारे लोक मी पाहिलेत. शेजारीच ब्रेकची रबरी नळी असते, कृपा करून तसं करू नका.

काम दिवाळीत केलं असलं तरी निकाल हिवातच कळतो. पहिला कडक गारठा पडेल त्या पहाटे, गाडी रात्रभर उघड्यावर उभी असताना, सूर्य वर यायच्या आत बाहेर जा आणि दोन्ही डायल नुसत्या दोन बोटांनी फिरवून बघा. फिरल्या तर पुढच्या दिवाळीपर्यंत झाकण उघडायचं कारण नाही. एखादी जड लागली तर त्या हबात ग्रीस जास्त झालंय. दुपारी ऊन आलं की झाकण काढा आणि पुसून कमी करा.